कपाळावरच्या ठिपक्यापासून : ल्युसियन फ्रॉइडच्या स्टुडिओत

आज आपण एका अर्धवट चित्रापासून सुरुवात करू. पडद्यावर आहे ते ल्युसियन फ्रॉइडने १९५६-५७ मध्ये करायला घेतलेलं फ्रान्सिस बेकनचं व्यक्तिचित्र. नीट बघा. मधला चेहरा रंगवलाय, बराचसा पुराच म्हणा ना. बाकीचा कॅनव्हास मात्र कोरा. कोळशाच्या चार रेघा दिसतात, तेवढ्याच.

तुमच्यापैकी जे आर्ट स्कूलमधून आलेत त्यांना हे खटकलं असेल. आपल्याला शिकवलं काय जातं? आधी रेखांकन, मग उजेड-सावलीचे मोठे भाग, मग सगळं चित्र सगळीकडून एकदम वर आणायचं. डोळ्यावरच अडकून बसलात की मास्तर मागून ओरडणार. व्यक्तिचित्रणाची जी प्रात्यक्षिकं आपल्याकडे होतात, तीही याच शिस्तीवर उभी असतात. दोन-अडीच तासांत समोरचा माणूस कागदावर उतरतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्या योग्यच असतात. ते कौशल्य आम्ही कमी लेखत नाही.

फ्रॉइड नेमका उलटा जायचा. कोळशाने ढोबळ आकृती काढायची आणि मग एका ठिकाणी रंग लावायला लागायचं. समीक्षक मार्टिन गेफर्ड याने २००३च्या नोव्हेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्यासमोर बसून स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याच्या बाबतीत पहिला रंग पडला तो कपाळाच्या मध्यावर, आपण टिळा लावतो त्या जागी. तिथून चित्र बाहेर पसरत गेलं. त्यामुळे फ्रॉइडच्या स्टुडिओत ‘चित्र निम्मं झालंय’ याचा अर्थ वेगळा. आपलं निम्मं चित्र म्हणजे अख्खा माणूस, पण धूसर. त्याचं निम्मं चित्र म्हणजे अर्धाच माणूस, पण तेवढा पक्का.

आता ही लहर होती का? आम्हाला तसं वाटत नाही. एकदम सगळं चित्र वर आणायचं तर आधी डोक्यात एक मनुष्याकृती तयार असावी लागते. डोकं एवढं, धड एवढं. फ्रॉइडला ती नको होती. कपाळ कळलं की भुवई, भुवई कळली की डोळ्याची खोबण. प्रत्येक पुढचा तुकडा मागच्यावर बेतायचा. यात हिशेब चुकतात, चुकणारच. चित्र कॅनव्हासबाहेर जायला लागलं की तो कॅनव्हासच वाढवायचा. राणी एलिझाबेथचं २०००-०१ मधलं चित्र घ्या. मूळ आकार वहीच्या पानाएवढा. मग राणीच्या डोक्यावर मुकुट हवा असं ठरलं, आणि वर साडेतीन सेंटिमीटरची पट्टी जोडावी लागली. तसं हे चित्र आम्हाला त्याच्या कमकुवत कामांत मोडणारं वाटतं. एवढ्याशा जागेत त्याच्या राठ ब्रशला हात-पाय पसरायला वावच मिळत नाही.

ब्रशचा विषय निघालाच आहे. सुरुवातीचा फ्रॉइड सेबलच्या मऊ, बारीक ब्रशने काम करायचा. टेट गॅलरीतलं ‘गर्ल विथ अ व्हाइट डॉग’, १९५०-५१ चं. रंगाचा थर इतका पातळ की ब्रश फिरल्याची खूण शोधावी लागते. तेव्हा तो बसून रंगवायचा. १९५४ च्या ‘हॉटेल बेडरूम’नंतर तो उभा राहिला, आणि त्याच दशकात डुकराच्या केसांचे राठ ब्रश त्याच्या हातात आले. बसलेल्या चित्रकाराचं मनगट चालतं. उभ्या चित्रकाराचा खांदा चालतो, तो मागे सरतो, मॉडेलजवळ जाऊन वाकून बघतो. त्याच्या शैलीतला बदल म्हणतात तो निम्मा तर या उभं राहण्यात आहे. त्यासाठी आजोबा सिग्मंड फ्रॉइडपर्यंत जायची गरज नाही. समीक्षक फार लवकर आजोबांकडे पळतात.

मग सत्तरच्या दशकात त्याच्या पॅलेटवर क्रेमनिट्झ व्हाइट आला. शिशाचा पांढरा. जड, चिवट, ओढला की दोरीसारखा उठणारा. हा तो प्रामुख्याने त्वचेसाठी राखून ठेवायचा. भिंत, फरशी, चादर यांना साधा पांढरा चालायचा. म्हणजे चित्रात कातडीला अक्षरशः जास्त वजन आहे. त्यात आणखी एक सवय : त्वचा रंगवताना जवळजवळ दर फटक्यानंतर ब्रश पुसायचा आणि रंग नव्याने कालवायचा. दोन शेजारचे फटके एकाच मिश्रणाचे नसायचे. पुसायला हॉटेलच्या जुन्या चादरींच्या चिंध्या. ‘स्टँडिंग बाय द रॅग्ज’ या १९८८-८९ च्या चित्रात त्या चिंध्यांचा ढीगच मॉडेलच्या मागे आहे. ते ठिगळ-ठिगळ दिसणारं अंग आधी ‘क्रूर’ वाटतं ना? जवळून बघा. निळसर, पिवळट, मातकट, गुलाबी, असे सुटे सुटे निर्णय आहेत. बघणाऱ्याने ‘कातडीचा रंग’ असं काही गृहीत धरलेलं नाही.

या पद्धतीची किंमत आहे, आणि ती समोर बसणारा मोजतो. डेव्हिड हॉकनी २००२ मध्ये शंभराहून जास्त तास बसला. उलट हॉकनीने फ्रॉइडला रंगवायला घेतलं तेव्हा त्याच्या वाट्याला आले काही तासच. हे गमतीने सांगितलं जातं, पण यात सत्ता कोणाच्या हाती आहे ते दिसतंच. बसणाऱ्यांत त्याच्या स्वतःच्या मुली होत्या, विवस्त्रही. त्याबद्दलची अस्वस्थता आम्ही ‘थोर कलावंत’ म्हणून झटकून टाकणार नाही.

आणि एक चित्र असं आहे जिथे त्याचा स्वतःचाच नियम उघडा पडतो. ‘लार्ज इंटीरियर, नॉटिंग हिल’, १९९८. पुढे एक वयस्कर गृहस्थ वाचत बसलेत. मागे बाळाला पाजणारी आई म्हणून जेरी हॉल बसायची, कित्येक महिने. मग तिचे खाडे व्हायला लागले. फ्रॉइडने काय करावं? आठवणीने तिला पुरं केलं नाही. तिच्या जागी आपला मदतनीस डेव्हिड डॉसन याला बसवलं आणि वरून रंगवून टाकलं. आज त्या चित्रात एक नागडा पुरुष बाळाला छातीशी धरून पाजतोय. समोर असेल तेच रंगवीन, हा हट्ट इथे अशा जागी पोचला की चित्रात दिसतंय ते कुठेच घडलेलं नाही. काहींना हा सूड वाटतो. असेलही. पण मुळात त्याची खोली कधीच ‘एका क्षणाची’ नव्हती. १९७३ च्या ‘लार्ज इंटीरियर, डब्ल्यू ९’ मध्ये त्याची आई आणि मागे पहुडलेली बाई एकाच खोलीत आहेत. त्या दोघी एकत्र कधी बसल्याच नाहीत. डोळ्याशी प्रामाणिक राहूनही चित्र बनवावंच लागतं, रचावं लागतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

उतारवयातल्या चेहऱ्यांवर रंगाचे दाणे, खपल्या दिसतात. त्यांचं कौतुक सरसकट होतं, आम्ही तेवढं करणार नाही. कारण साधं आहे : ज्या जागा सुटत नव्हत्या तिथे सुकलेल्या रंगावर पुन्हा रंग चढत गेला. नाकाच्या कडेला, डोळ्याखाली. काही चित्रांत तो खडबडीतपणा शोधाचा माग म्हणून वाचता येतो. काहींत तो नुसता साचलेला गाळ आहे, आणि उजेड त्यावर अडखळून चेहराच हरवतो.

आता शेवटची स्लाइड. ‘पोर्ट्रेट ऑफ द हाउंड’. जुलै २०११ मध्ये फ्रॉइड गेला तेव्हा हे ईझलवर होतं. पुन्हा डॉसनच, विवस्त्र, आणि शेजारी कुत्रा. माणसाचं अंग जड, भरलेलं. कुत्रा अपुरा, आणि त्याच्या बाजूला उघडा कॅनव्हास. मघाचं बेकनचं चित्र याच्या शेजारी लावतो. मध्ये चोपन्न-पंचावन्न वर्षं आहेत, ब्रश वेगळा, पांढरा वेगळा. कोरी जागा कुठे सुरू होते तेवढं दोन्हीकडे बघा, मग प्रश्न घेऊ.