प्रकल्पाचा तास आणि छात्राध्यापकाची निरीक्षणवही : एक चिकित्सा

शिक्षकशिक्षणाच्या अभ्यासक्रमात प्रकल्प पद्धतीला दीर्घकाळापासून मानाचे स्थान आहे. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मधील आपल्या निबंधात मांडलेल्या हेतुनिश्चिती, नियोजन, कार्यवाही व मूल्यमापन या चार पायऱ्या बी. एड. च्या छात्राध्यापकास तोंडपाठ असतात. तथापि ही पद्धती एखाद्या वर्गात प्रत्यक्ष चालू असताना मागच्या बाकावर बसून नेमके काय पाहावे, हे त्यास क्वचितच शिकविले जाते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि शालेय अनुभवासाठी किमान २० आठवड्यांची तरतूद केली. कालावधी वाढला, पण छात्राध्यापकाच्या हाती दिली जाणारी निरीक्षणवही बहुतांशी जुन्याच वळणाची राहिली. प्रस्तुत लेखात या वहीची चिकित्सा केली आहे.

प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, वर्गनियंत्रण, समारोप, स्वाध्याय असे रकाने या वहीत सामान्यतः आढळतात. त्यांचे कुळ शोधणे कठीण नाही. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी आणि १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकारास आलेले सूक्ष्म अध्यापन यांचा हा संयुक्त वारसा आहे. पहिल्याने पाठाला क्रम दिला, दुसऱ्याने अध्यापनाची कौशल्ये सुटी करून दाखविली. दोहोंचे मोल मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे : दोहोंच्या केंद्रस्थानी शिक्षकाची कृती आहे आणि दोहोंचे एकक फार तर एक तासिका आहे. प्रकल्पात शिक्षक बराच वेळ मागे उभा असतो आणि काम अनेक दिवस चालते.

उदाहरणादाखल सातवीचा एक वर्ग कल्पावा. शाळेतील ठिबकणाऱ्या नळातून किती पाणी वाया जाते, हा प्रकल्प आहे. एका गटाने नळाखाली एक लिटरची बाटली धरली. ती ३० मिनिटांत भरली. एका विद्यार्थ्याने लगेच दिवसाला ४८ लिटर असे उत्तर काढले. दुसरीने हरकत घेतली : रात्री टाकी रिकामी असते, मग २४ तास का मोजायचे? तिसऱ्याच्या मते टाकी भरलेली असताना धार मोठी असते, म्हणून एकदा मोजून भागणार नाही. वाद वाढला, आवाज चढले, दोघे जण टाकी पाहण्यासाठी धावले. शिक्षिका जवळच उभी होती, तिने एवढेच विचारले, “मग किती वेळा मोजाल?” सरासरीची गरज, मापनातील त्रुटी, गृहीतकाची तपासणी हे सारे त्या दहा मिनिटांत विद्यार्थ्यांच्या बोलण्यात आले. निरीक्षणवहीत मात्र फलकलेखन : नाही, प्रस्तावना : नाही, वर्गनियंत्रण : असमाधानकारक अशी नोंद होणार. छात्राध्यापक प्रामाणिक असेल, तर ही नोंद अधिकच निश्चित.

फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धतीही येथे तपासून पाहण्यासारखी आहे. तीत एकूण १० वर्ग आहेत : शिक्षकाच्या बोलण्यासाठी ७, विद्यार्थ्यांच्या बोलण्यासाठी २ आणि उरलेला शेवटचा वर्ग शांतता वा गोंधळ यासाठी. दर तीन सेकंदांना एक नोंद, म्हणजे ३५ मिनिटांच्या तासिकेत सुमारे ७०० नोंदी होतात. चार गट एकाच वेळी बोलू लागले की निरीक्षकाला दहाव्या वर्गाखेरीज दुसरी जागा सापडत नाही. यात फ्लँडर्सचा दोष नाही. संपूर्ण वर्गासमोर चालणारा शाब्दिक व्यवहार मोजण्यासाठीच ते साधन रचलेले होते. दोष आहे तो साधनाची मर्यादा न सांगता ते छात्राध्यापकाच्या हाती देणाऱ्या परिपाठाचा. ज्या क्षणी विद्यार्थी विचार करू लागतात, तो क्षण त्याच्या कागदावर ‘गोंधळ’ म्हणून उमटतो. आणि पुढे स्वतःच्या वर्गात तो गोंधळ टाळण्यातच त्याला आपले कौशल्य दिसू लागते.

जे पाहता येत नाही, त्याच्या जागी जे हाती धरता येते ते येते. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांपैकी एक म्हणून प्रकल्पाला स्थान मिळाले. हेतू स्तुत्य होता. परंतु प्रकल्प म्हणजे रंगीत मुखपृष्ठाची फाईल, असे समीकरण अनेक ठिकाणी रूढ झाले. तयार चित्रांचे तक्ते स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात आणि उरलेले काम पालक करतात. छात्राध्यापकही फाईल पाहतो, ती नीटनेटकी असल्याचे नोंदवितो आणि प्रकल्प पाहिल्याचे समाधान मानतो.

याचा अर्थ वर्गातील प्रत्येक गलबला अध्ययनाचाच असतो, असा मुळीच नाही. सर्वच अनुभव शैक्षणिकदृष्ट्या सारख्या मोलाचे नसतात, हे जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच स्पष्ट केले होते. प्रकल्प पद्धतीच्या उत्साही पुरस्कर्त्यांना त्याचा सोयीस्कर विसर पडतो. नळाच्या प्रकल्पातही एखादा गट नुसता पाण्याशी खेळत असू शकतो. हा खेळ आणि तो वाद यांतील भेद ओळखता येणे, हीच खरी निरीक्षणक्षमता होय, आणि रकान्यांची वही तीच घडू देत नाही.

त्यासाठी संपूर्ण वर्ग एका तासिकेत पाहण्याऐवजी एकच गट चार-पाच दिवस पाहणे आवश्यक ठरते. कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणता प्रश्न दुसऱ्या दिवशी परत आला, कोण गप्प राहिले व का, शिक्षकाने कोठे हस्तक्षेप केला आणि कोठे जाणीवपूर्वक टाळला, हे विद्यार्थ्यांच्याच शब्दांत टिपावे लागेल. अशा नोंदीस गुणांकन करणे अवघड आहे. खरी अडचण तेथेच आहे. ठरावीक संख्येची पाठनिरीक्षणे पूर्ण करण्याच्या घाईत छात्राध्यापक दररोज वर्ग बदलतो. मार्गदर्शक प्राध्यापक आठवड्याअखेरीस वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून रकाने भरले आहेत किंवा नाहीत एवढे पाहतात व स्वाक्षरी करतात. पाच दिवसांच्या एका सलग नोंदीला पाच निरीक्षणांच्या बरोबरीचे मानण्यास प्रथम महाविद्यालयालाच तयार व्हावे लागेल.