अनुभवाची साक्ष

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. घरात मोठ्याने वाचावे आणि सर्वांनी मिळून हसावे असे ते पुस्तक आहे. त्यातील विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्या हसण्याआड एक अवघड प्रश्न उभा आहे, त्याच्याकडे आपण फारसे वळत नाही. एखाद्याला ईश्वराचा अनुभव आला, म्हणजे तेवढ्याने त्याचा धर्म खरा ठरतो काय?

नारायण वामन टिळक आम्हां ठाणे-कल्याणकरांना परके नाहीत. १८६९ ते १८७३ या काळात त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. पुढे १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन असे धरले, की ते सुटेचना. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, संसार दुभंगला. एवढी किंमत मोजणाऱ्याचा अनुभव खोटा म्हणण्याची कोणाची छाती होईल?

परंतु अनुभव खरा असणे निराळे आणि त्यातून काढलेला सिद्धान्त खरा असणे निराळे. याची पहिली साक्ष लक्ष्मीबाईच देतात. पतीला त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले होते? तरीही त्याचा अनुभव त्यांना पुरावा म्हणून पुरला नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. मग एके दिवशी जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला, आणि तो माणसाचाच खेळ आहे असे ठरवून सोवळे टाकले. ख्रिस्ती त्या त्यानंतर झाल्या. अनुभव नवऱ्याचा, निर्णय मात्र त्यांनी आपल्या बुद्धीने केला.

दुसरी साक्ष आपल्या संतांची. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. बहिणाबाईंना तुकोबा स्वप्नात भेटले. या स्वप्नांनी त्यांचीही आयुष्ये पालटली. टिळकांच्या अनुभवाने ख्रिस्ती धर्म सिद्ध होत असेल, तर याच न्यायाने वारकरी पंथही सिद्ध होतो. मग एकाच मापाने मोजून एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे कसे ठरवावे?

यावर कोणी म्हणेल, फळावरून झाड ओळखावे. कबूल. परंतु दया, धैर्य, निर्लोभीपणा ही फळे सगळ्याच बागांत धरतात. कल्याणजवळच्या मलंगगडावर कोणी हाजी मलंगबाबांच्या दर्ग्याला म्हणून चढतो, कोणी मच्छिंद्रनाथांच्या समाधीला म्हणून. मन शांत झाल्याचे सांगत दोघेही उतरतात. ती शांती खोटी नव्हे. पण तिच्यावरून गडाचा वाद निकालात निघणार नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विवेक सांगितला आहे: असा अनुभव ज्याला येतो त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो, इतरांनी तो विचार न करता मानलाच पाहिजे असे बंधन नाही.

टिळकांचा उत्तरकाळही हेच सुचवतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र आणण्यासाठी. त्यांचा अनुभव पंथाच्या कुंपणात मावला नाही, तो त्या कुंपणाचा पुरावा कसा व्हावा?

हा वाद केवळ पंडितांचा नाही. उद्या आपल्याच घरातला मुलगा एखाद्या गुरूचे नाव घेऊन येईल, सून निराळ्या देवापुढे हात जोडील. तिच्या डोळ्यांतले पाणी खोटे म्हणू नये; आणि त्या पाण्याच्या जोरावर घरातल्या इतरांच्या श्रद्धेवर कोणी जप्तीही आणू नये. अनुभव ही साक्ष आहे. साक्ष आदराने ऐकावी, तपासावी. निकाल मात्र ज्याचा त्याने द्यावा, लक्ष्मीबाईंनी दिला तसा.