प्रवासवर्णनातले ‘आम्ही’

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोलापुरात घरोघर माळे रिकामे होतात. गेल्या वर्षी आमच्या माळ्यावरून पितळेचे डबे आणि जुने पाट खाली आले, आणि त्यांच्या आडून सुतळीने बांधलेला मासिकांचा एक गठ्ठा निघाला. त्यात १९७८ सालचा एक अंक होता आणि त्या अंकात माझा एक लेख होता. लेखाचे नाव, ‘विजापूर : एका राजधानीचे दर्शन’.

त्या वेळी मी नुकताच मराठीचा शिक्षक झालो होतो. लेख छापून आला तेव्हा शाळेत थोडेफार कौतुकही झाले. पुढे आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहीत आलो. कुणाचे प्रवासवर्णन कोरडे आहे, कुणाचे पाल्हाळिक आहे, असे निकाल देत आलो. तेव्हा म्हटले, हाही लेख परक्याचा समजून वाचावा. वाचला, आणि मन खट्टू झाले. का झाले, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

दिवाळी अंक आणि प्रवासवर्णन यांची जोडी मराठी वाचकाला नवी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही फराळाबरोबर वाचण्याची चाल पडली, आणि त्या वाचनात एखाद्या दूरच्या राजधानीची सफर असली की घरातली थोरमोठी मंडळीही अंकासाठी रांग लावत. लंडन, पॅरिस, मॉस्को, दिल्ली! वाचकाने जागेवरून हलायचे नाही आणि राजधानी पाहून यायची. या सुखाला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु राजधानी पाहायला गेलेला पाहुणा नेमके काय पाहतो, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारलेला नाही.

आम्हा सोलापूरकरांची सर्वांत जवळची राजधानी म्हणजे विजापूर. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. १४९० पासून १६८६ पर्यंत आदिलशाहीचे हे तख्त होते. कर्नाटक सरकारने २०१४ साली त्याचे नाव विजयपुरा केले, तरी आमच्या तोंडी ते विजापूरच राहिले आहे. या शहराशी आमच्या गावाचे नाते जरा गमतीचे आहे. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी पहिल्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईच्या आधीची ही सोयरीक. म्हणजे आमचे गाव एकदा विजापूरला चक्क लेकीबरोबर दिलेले गाव आहे!

आता माझ्या लेखाकडे वळतो. गोलघुमटाच्या आतला व्यास सुमारे १२४ फूट, हे त्यात आहे. महंमद आदिलशहा १६५६ साली वारला आणि त्याच घुमटाखाली विसावला, हे आहे. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे, आणि ती आमच्या शेजारच्या परंड्याहून विजापूरला गेली, हेही आहे. त्यानंतर अफझलखानाचा उल्लेख आणि ‘वैभवाचा अस्त’ या विषयावर दीड पान उसासे. घुमटात उच्चारलेला शब्द सात वेळा परत येतो, असे सांगून ‘आम्ही तो सातही वेळा ऐकून रोमांचित झालो’ असे वाक्य मी लिहिले आहे.

ते वाक्य खोटे आहे. त्या दिवशी वरच्या सज्जात एका शाळेची सहल आली होती. पोरे इतकी ओरडत होती की मला एकही प्रतिध्वनी धड मोजता आला नाही. सात हा आकडा माहितीपुस्तिकेतला. मी तो उचलला आणि वर रोमांच स्वतःचे घातले.

असे खोटे एकट्या माझ्याच लेखात असते तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण माझ्या पाहण्यात आलेली कितीतरी प्रवासवर्णने याच मार्गाने गेलेली आहेत. पाहुणा घरून निघतानाच राजधानी मनात घेऊन निघतो. तिथे पोचल्यावर तो आपलाच आवाज घुमटात सोडतो आणि जे परत येते त्याला शहराचा आवाज समजतो.

मराठीत या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले. त्याने मराठी प्रवासवर्णनाला माहितीच्या ओझ्यातून सोडवले आणि ललित गद्याचा डौल दिला, हे श्रेय त्यांचेच. पण त्या सुंदर नावातच एक अडचण आहे. लंडन म्हणजे धुके आणि मॉस्को म्हणजे तारा, असे एकदा ठरले की मग त्या दोन शहरांतल्या माणसांनी वेगळे काही असण्याला जागा उरते थोडी. काणेकर रसिक आणि डोळस होते, म्हणून पुस्तक तरले. त्यांच्यामागून आलेल्यांनी मात्र प्रतीके तेवढी उचलली.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० साली दुसरी वाट दाखवली. तिथे हसणे आहे, आणि ते बहुतेक स्वतःला आहे. लंडनपुढे बिचकणारा, पुन्हा सावरणारा, भारावून जाणारा मराठी मध्यमवर्गीय माणूस या पुस्तकात आपल्यासमोर उभा राहतो, म्हणून त्याने सांगितलेल्या लंडनवर आपला विश्वास बसतो. शिवाय पु. लं.च्या ‘आम्ही’मध्ये सुनीताबाई खरोखरच आहेत! या पुस्तकाचे अनुकरण इतके झाले की परदेशात चहासाठी हळहळणारा भोळा मराठी प्रवासी हा पुढे एक साचाच झाला. विनोद उरला आणि त्यामागचे स्वतःला तपासणे गळून गेले. याचा दोष अर्थात ‘अपूर्वाई’कडे जात नाही.

मीना प्रभूंचे ‘माझं लंडन’ १९९३ साली आले. ते पाहुण्याचे नव्हे, तिथे वर्षानुवर्षे संसार केलेल्या बाईचे लंडन आहे. माहिती त्यातही भरपूर आहे, पण ती राहणाऱ्याने दिलेली आहे. पाहुणा विचारतो, ‘इथे पाहण्यासारखे काय?’ राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. त्याला रस्ते पायाने पाठ असतात.

मग पाहुण्याने लिहूच नये काय? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे त्यांचा मुक्काम लांबला. १८८९ साली त्यांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याचे नाव पाहा : ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. तिथल्या बायका काय शिकतात, संस्था कशा चालवतात, राज्य कसे चालते, हे त्यांना आपल्याकडच्या बायकांसाठी हवे होते. प्रश्न घेऊन गेलेला पाहुणा प्रतिध्वनीवर समाधान मानत नाही. त्याला उत्तर पाहिजे असते.

आणि याहून जुने उदाहरण विष्णुभट गोडशांचे. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला तो दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. इंग्रजांनी १८५८ साली शहर लुटले ते त्याने पाहिले. ‘माझा प्रवास’ १८८३ च्या सुमारास लिहिला गेला आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली छापला. झाशी ही त्या वेळची एक राजधानीच. पण गोडसेभटजी ती पाहायला गेलेले नव्हते, म्हणूनच की काय, त्यांनी ती आपल्याला जितकी दाखवली तितकी दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवली असेल. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना भेटते, आणि त्या एका भेटीत राज्य गेल्याचे जे दुःख कळते ते माझ्या दीड पानांच्या उसाशांत औषधालाही नाही. या गरीब ब्राह्मणाच्या पुस्तकात दुसरी माणसे बोलतात. त्यांना काय हवे होते, कशाची भीती होती, पोटात काय होते, हे आपल्याला कळते.

तेव्हा राजधानीच्या प्रवासवर्णनाला मी एवढेच विचारतो : यात लेखकाखेरीज दुसरे कुणी बोलते काय? आणि परत येताना लेखकाला निघतानापेक्षा काही निराळे कळले काय? इमारतींची मापे चुकली तरी चालतील. ती पुस्तिकेतून दुरुस्त करता येतात. माणूस सुटला तर तो दुसरीकडे कुठे सापडत नाही.

हे कळायला मला इतकी वर्षे का लागली, ते आता कबूल केले पाहिजे. माझ्या लेखात जागोजागी ‘आम्ही’ आहे. ‘आम्ही विजापूरला उतरलो’, ‘आम्ही घुमट चढलो’. वाचणाऱ्याला वाटेल, चार मित्र असतील. पण ते ‘आम्ही’ म्हणजे मी एकटाच, लेखकाच्या रुबाबात. प्रत्यक्षात माझ्याबरोबर माझी आई होती.

दसऱ्याच्या सुट्टीत तिला घेऊन मी मीटरगेजच्या गाडीने गेलो होतो. तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. घुमटाच्या पायऱ्या तिला झेपेनात, म्हणून ती खाली सावलीत बसली आणि मी वही घेऊन वर गेलो. तास-दीड तासाने खाली आलो तर ती आवारात झाडणाऱ्या एका बाईशी कानडीत बोलत बसलेली. सोलापुरातल्या कितीतरी बायकांसारखी आईलाही कानडी चांगली येत असे, मला जुजबी. मी घाई केली, कारण तोफ पाहायची राहिली होती. पण आई म्हणाली, “थोडं थांब रे, ती घरी गेलीय, येते म्हणाली.” मी कुरकुरत थांबलो. ती बाई धापा टाकत आली आणि तिने आईच्या हातात कागदात गुंडाळलेला एक खण दिला.

परतीच्या गाडीत आईने सांगितले. त्या बाईची लेक सोलापुरात जोडभावी पेठेत दिलेली, जावई गिरणीत. पहिली दिवाळी होती आणि लेकीला माहेरी आणायला पैसे नव्हते. आई सोलापूरची आहे म्हटल्यावर तिने लेकीसाठी खण पाठवला. आईला नाव-पत्ता विचारण्याचेही तिला सुचले नव्हते. “एवढा कसा विश्वास ठेवला तिनं?” मी विचारले. आई म्हणाली, “आपल्या गावाला लेक दिलीय तिनं. खणाचं काय?”

मी त्या वेळी वहीत तोफेची लांबी लिहीत होतो.

धनत्रयोदशीला आई जोडभावी पेठेत जाऊन तो खण देऊन आली. त्यानंतर कित्येक वर्षे ती मुलगी दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आमच्याकडे येई आणि आईजवळ कानडीत बोलत बसे. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. ते कुटुंब सोलापूर सोडून गेले. आई जाऊनही आता बरीच वर्षे झाली. घुमटाच्या सज्जात भिंतीला कान लावला तर पलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू येते, असे मी लेखात मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. खालच्या सावलीत चाललेली कुजबुज मात्र मी ऐकली नाही. ऐकली तीही लिहिण्याजोगी मानली नाही. आईचा शोध घेत मी तो लेख दोनदा वाचला. तिचे कुठे नावही नाही.

परीक्षक या नात्याने निकाल द्यायचा तर : लेख व्यवस्थित, भाषा शुद्ध, माहिती बहुतांशी बरोबर, विजापूर त्यात नाही. आणि लेखकाला जी राजधानी पाहायला मिळाली होती ती त्याने छापायला दिली नाही.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेक जण कुठे ना कुठे जातील. दिल्लीला जातील, कुणी परदेशीही जातील. खुशाल जावे, फोटो काढावेत, घुमटात ओरडावेही. पोरांना त्याची मोठी मौज वाटते. परत आल्यावर लिहावेसे वाटले तर जरूर लिहावे. एवढेच सुचवतो, की लिहायला बसण्यापूर्वी बरोबर आलेल्या माणसांना एकदा विचारावे, ‘तुम्ही काय पाहिलेत?’ घरातली म्हातारी माणसे खाली सावलीत बसली असतील, तर त्यांना सर्वांत आधी.

तो १९७८ चा अंक मी पुन्हा माळ्यावर टाकलेला नाही. लेखाच्या शेवटी थोडी कोरी जागा होती. तिथे पेनाने मी खणाची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि पहिल्या वाक्यात ‘आम्ही’च्या पुढे कंसात लिहिले आहे : ‘मी आणि आई’.