'निवडक शोधनिबंध' म्हणजे नेमके कोणी निवडलेले?

जानेवारी-फेब्रुवारी आला की सातारा-सांगलीकडच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्याचे मेसेज सुरू होतात. गाव बदलतं, मजकूर तोच. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र. विषय: अमुकतमुकचे विविध आयाम. खाली पंचवीस-तीस उपविषय आणि शेवटी 'व इतर संबंधित विषय'. निवडक शोधनिबंध आयएसएसएन असलेल्या जर्नलच्या विशेषांकात प्रसिद्ध केले जातील. निबंध पाठवण्याची शेवटची तारीख परवाची. सगळ्यात खाली फी आणि गूगल पेचा नंबर.

या मेसेजमधला 'निवडक' हा शब्द मला हल्ली फार छळतो. निवडले कोणी? नाकारले किती? आणि उद्या त्यातला एखादा निबंध चोरीचा निघाला, तर उत्तर कोण देणार? अंकावर 'अतिथी संपादक' म्हणून एक नाव छापलेलं असतं. आजचा लेख त्या पदाबद्दल आहे. तुमच्यातले बरेच जण पहिला पेपर अशाच एखाद्या अंकात देणार आहेत, आणि काही जणांना लवकरच 'संपादक मंडळात नाव घालू का?' असंही विचारलं जाईल. म्हणून आधीच बोललेलं बरं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. विशेषांक ही मुळात वाईट कल्पना नाही. उलट काही प्रश्न असे असतात, की ते एका निबंधात मावत नाहीत आणि एका माणसाला झेपत नाहीत. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते. दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. त्यामुळे आज नुसता 'सातारा जिल्हा' धरून कोणी प्रतिसरकारवर लिहायला बसलं, तर कुंडल बाहेर राहील, येडेमच्छिंद्र बाहेर राहील, म्हणजे अर्धी गोष्ट हातातून जाईल.

या विषयावर गेल ऑम्व्हेट यांचा एक महत्त्वाचा निबंध आहे. ज्ञानेंद्र पांडे यांनी संपादित केलेल्या 'द इंडियन नेशन इन १९४२' या १९८८ च्या संग्रहात तो आहे. ते पुस्तक आहे, जर्नलचा अंक नाही. पण विषय धरून केलेलं संपादन म्हणजे काय, हे शिकायला चांगलं आहे. त्यात साताऱ्याच्या शेजारी बंगालमधलं मिदनापूर आहे. तिथेही तमलुकमध्ये लोकांनी आपलं स्वतंत्र सरकार चालवलं होतं. दोन्ही निबंध लागोपाठ वाचले की आपोआप प्रश्न पडतो: या दोन जिल्ह्यांतच ते का टिकलं? हा प्रश्न ना एकट्या साताऱ्याच्या निबंधात आहे, ना एकट्या मिदनापूरच्या. तो दोघांना शेजारी बसवल्यामुळे तयार झाला. शेजारी बसवणं हेच संपादकाचं काम.

आता 'विविध आयाम' घ्या. समजा प्रतिसरकारवरच विशेषांक काढायचा आहे. 'प्रतिसरकार: विविध आयाम' असं आवाहन काढलं, तर नाना पाटलांचं चरित्र तेरा वेळा येईल, तेही त्याच दोन-तीन पुस्तकांतून उचललेलं. त्याऐवजी 'प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावात कोणाचे तंटे सोडवत होती आणि कोणाचे सोडवत नव्हती?' असं विचारून बघा. आता लिहिणाऱ्याला तालुक्याला जावं लागेल, जुन्या माणसांच्या मुलाखतींकडे, पोलिसांच्या कागदांकडे जावं लागेल. निबंध साठ येणार नाहीत, आठ येतील. पण त्या आठांत एकमेकांशी बोलणं असेल. आवाहनातल्या एका वाक्यावरून अंकाची पत कळते, ती अशी.

मग अतिथी संपादकानं करायचं काय? थोडक्यात सांगायचं तर: एक नेमका प्रश्न मांडायचा. त्यावर काम करणारी माणसं शोधायची, आपल्या ओळखीबाहेरचीसुद्धा. प्रत्येक निबंध किमान दोन परीक्षकांकडे पाठवायचा, आणि त्यांना वाचायला दोन दिवस नाही, आठवडे द्यायचे. त्यांची मतं लेखकाला कळवायची, दुरुस्त करून आणायला लावायचं, काही निबंध परत करायचे. आणि शेवटी प्रस्तावना लिहायची, जिच्यात हे सगळे निबंध मिळून काय म्हणतात आणि काय राहून गेलं, हे सांगितलेलं असेल. यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे परत करणं. ज्याला 'नाही' म्हणायचा अधिकार नाही, तो संपादक नाही. तो फाईली गोळा करणारा.

आता या पदातला मूळ दोष बघा. पाहुण्याला उद्या नसतो. अंक निघाला की तो आपल्या घरी जातो. कायमच्या संपादकाचं तसं नसतं. आपल्याकडचंच 'नवभारत' आठवा. १९४७ मध्ये हे मासिक सुरू झालं. इस्लामपूरचे आचार्य शं. द. जावडेकर सुरुवातीच्या काळात त्याचे संपादक होते. पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळामंडळानं ते चालवलं आणि मे. पुं. रेगे यांनी दीर्घकाळ संपादन केलं. तिथल्या सगळ्या लेखांशी सहमत व्हायची गरज नाही. मुद्दा एवढाच, की या महिन्यात चुकीचं छापलं, तर पुढच्या महिन्यात त्याच वाचकांसमोर त्याच नावानं उभं राहायचं होतं. ही लाज संपादकाला जागं ठेवते. पाहुण्या संपादकाला ती नसते, म्हणून ती यजमान जर्नलनं बाळगायची असते.

यजमान झोपला की काय होतं, हे जगानं गेल्या काही वर्षांत पाहिलं. २०२० मध्ये 'जर्नल ऑफ नॅनोपार्टिकल रिसर्च'ला कळलं, की आपल्या एका विशेषांकाचे अतिथी संपादक खरे नव्हतेच. नामवंत शास्त्रज्ञांची नावं आणि त्यांच्या विद्यापीठांसारखे दिसणारे ईमेल पत्ते वापरून एका टोळीनं अंक पदरात पाडून घेतला होता. काही निबंध छापूनही झाले होते. २०२१ मध्ये 'अरेबियन जर्नल ऑफ जिओसायन्सेस'नं ४४ निबंध मागे घेतले. त्या जर्नलमध्ये एक निबंध असाही छापला गेला होता, ज्याच्या शीर्षकात डोंगराळ भागातले भूकंप आणि बास्केटबॉल खेळणाऱ्यांची शारीरिक तपासणी एकत्र नांदत होती! आणि २०२१ मध्येच वायली या बड्या प्रकाशन कंपनीनं विकत घेतलेल्या हिंदावीचं प्रकरण सगळ्यात मोठं. तिथे विशेषांकांच्या वाटेनं निबंधांचे कारखाने आत शिरले. २०२३ या एका वर्षात हिंदावीचे आठ हजारांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले आणि शेवटी वायलीनं ते नावच बंद करायचं ठरवलं.

म्हणजे आपलाच भाग तेवढा बिघडलाय, असं नाही. पण आपल्याकडे एक फरक आहे. तिकडे पाहुण्यानं यजमानाला फसवलं. आपल्याकडच्या चर्चासत्री विशेषांकात बऱ्याचदा यजमान आणि पाहुणा दोघांनाही सगळं माहीत असतं. जर्नल आपला आयएसएसएन क्रमांक एका अंकापुरता भाड्यानं देतं. कॉलेज निबंध आणि पैसे गोळा करतं. चर्चासत्राचे समन्वयक आपोआप अतिथी संपादक होतात. आणि आयएसएसएन म्हणजे तरी काय? नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक. गाडीला नंबर मिळाला म्हणजे ड्रायव्हरला गाडी येते असं नाही ना? तसंच हे.

हे मी लांबून बघून लिहीत नाहीये. अशाच एका विशेषांकाचं काम मी केलंय. त्रेसष्ट निबंध, बारा दिवस. माझं मुख्य काम श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि शीर्षकं एका मापात बसवायची. एका निबंधाची पहिली चार पानं ओळखीची वाटली. मराठी विश्वकोशातली नोंद काढून शेजारी ठेवली. वाक्यामागून वाक्य तेच, स्वल्पविरामासकट. वाईत तयार झालेल्या त्या विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. तेवढं नाव फक्त गळलं होतं. मी अतिथी संपादक असलेल्या सरांना दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे गं तुझं. पण त्यांची फी आलीये. आणि त्यांचं प्रमोशन याच्यावर अडकलंय."

निबंध छापला गेला. 'संपादन साहाय्य' या मथळ्याखाली माझंही नाव छापलं गेलं. मी तेव्हा ते काढायला सांगितलं नाही, कारण मलाही सीव्हीत एक ओळ हवी होती.

सर वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असं, की गावाकडच्या कॉलेजातली मुलगी मराठीत समाजशास्त्रावर लिहिते, तिला छापणार कोण? मराठीत परीक्षण करून छापणारी जर्नलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चर्चासत्रात ती पहिल्यांदा माईकसमोर उभी राहते, पहिल्यांदा आपलं नाव छापील बघते. हे खरं आहे. शिवाय वरून दबाव होताच. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापणं सक्तीचं होतं. प्राध्यापकांच्या २०१८ च्या नियमावलीत मानव्यविद्यांमध्ये एका निबंधाला १० गुण आणि विज्ञानात ८. गुण मोजायचे ठरले की माणसं निबंध मोजायला लागणारच.

पण सरांच्या युक्तिवादात एक भोक आहे. त्या मुलीला खरंच मदत करायची, तर तिचा निबंध कोणीतरी नीट वाचायला हवा. 'तुमचं दुसरं प्रकरण चांगलं आहे, पण नमुना कसा निवडला ते लिहा' असं एक वाक्य जरी तिला परत आलं, तरी ती काहीतरी शिकली. तिच्याकडून फी घेऊन, न वाचता, तीन दिवसांत 'स्वीकृत' म्हणणं ही मदत नाही. ती चोरीच्या निबंधाच्या शेजारी जाऊन बसते आणि तिला ते माहीतही नसतं. उद्या मुलाखतीत कोणी तो अंक ओळखला, तर तिच्या प्रामाणिक निबंधाकडेही त्याच नजरेनं बघितलं जातं. म्हणजे न निवडण्याची किंमत चोरानं नाही, तिनं मोजली.

आणि आता तर सबबसुद्धा उरलेली नाही. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीनं काढली. २०१९ पासून आपण सगळे जिच्यावर डोळे लावून बसायचो, ती केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नलची पारख संस्थांनी आणि संशोधकांनी स्वतः करायची, असं ठरलं. अनेकांना हे वाऱ्यावर सोडणं वाटतं. मलाही थोडं वाटतं. पण यादीत नाव आहे म्हणून आत काय आहे ते बघायचंच नाही, या सवयीतून सुटायची ही संधीही आहे.

तर विशेषांक हातात आला की काय बघायचं? माझी पद्धत सांगते.

पहिलं, संपादकीय वाचा. त्यात अंकातल्या निबंधांबद्दल एक तरी वाक्य आहे का? की संस्थाध्यक्ष, प्राचार्य आणि 'ज्ञात-अज्ञात' यांचे आभार मानण्यातच पान संपलं? ज्यानं निबंध वाचलेत त्याला त्यांच्याबद्दल काहीतरी म्हणावंसं वाटतंच.

दुसरं, तारखा बघा. निबंध कधी आला, दुरुस्त होऊन कधी आला, कधी स्वीकारला. तारखा नसतील तर विचारा. आठवड्यात सगळं उरकलं असेल, तर परीक्षण झालेलं नाही.

तिसरं, संपादकांचे स्वतःचे निबंध मोजा. मुक्त जर्नलांची डीओएजे ही आंतरराष्ट्रीय सूची म्हणते, की असे निबंध अंकाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचं परीक्षण स्वतंत्रपणे व्हावं. शिवाय अंकाची जबाबदारी शेवटी मुख्य संपादकावरच राहते. म्हणून मुख्य संपादक कोण, तो त्या विषयातला आहे का, हेही बघा.

चौथं, सलग दोन निबंध वाचा. एकाला दुसऱ्याची गरज आहे का? नसेल तर तो विशेषांक नाही, एकत्र बांधलेला गठ्ठा आहे.

आणि तुम्हालाच कोणी संपादन मंडळात बोलावलं तर? जरूर जा, शिकायला खूप मिळतं. पण होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "सर, एखादा निबंध नाकारायचा ठरला, तर तो खरंच नाकारता येईल ना?" उत्तर 'हो' आलं, तर रात्री जागून काम करा. उत्तराऐवजी हसू आलं, तर नम्रपणे नाव काढून घ्या.

मी तो प्रश्न विचारला नव्हता. त्या अंकाची ओळ गेल्या महिन्यात मी सीव्हीतून काढली. छापील अंकातून मात्र ती निघत नाही.