साथ, संयोजन आणि भाषांतर

१

मराठी संगीतविषयक लेखनाने गीताचे दोन कर्ते मानले आहेत. शब्द कवीचे आणि चाल संगीतकाराची. त्या चालीला वाद्यांचा व अनेक कंठांचा जो विस्तार लाभतो, त्यासाठी 'साथ' हा एकच शब्द दीर्घकाळ पुरला. मैफलीच्या आणि संगीत रंगभूमीच्या व्यवहारात तो यथार्थच होता. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला गायकाच्या मागोमाग चालत असे. ऐन वेळी घेतलेल्या वळणाचा मागोवा घेणे हीच साथीची कसोटी होती. संयोजनात मात्र कोणत्या वाद्याने काय व केव्हा वाजवावे हे आधीच ठरवून लिहिलेले असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, संयोजन ही भाषांतराच्या जातीची लेखनक्रिया असून तिच्यात काय टिकते आणि काय गळते हे संयोजक ती कोठे व कशी शिकला यावर अवलंबून असते. मुंबई आणि दिल्ली येथील दोन परंपरांच्या आधारे हे तपासता येईल.

२

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील संयोजनाची पाळेमुळे गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत आहेत. तेथे मुलाला स्वरवाचन, व्हायोलिन आणि वृंदगायन एकत्र शिकवले जाई. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास यांपैकी एक ओळ स्वतः गाताना उरलेल्या तीन ऐकण्याची सवय त्याला लागे. पुढे सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक शंकर-जयकिशन यांच्या चालींना जे रूप देत, त्यामागे हे शिक्षण होते. संयोजकाला प्रत्येक वाद्याची लिपीही अवगत असावी लागते: बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी ऐकू येणाऱ्या स्वराहून एक पूर्ण स्वर वर लिहावे लागते, व्हियोलासाठी वेगळी चावी वापरावी लागते. एकच स्वर, परंतु प्रत्येक वादकाला निराळ्या लेखनात द्यायचा.

या लेखनाची मर्यादा मींडेपाशी दिसते. पाच रेषांची स्वरलिपी मींडेची दोन टोके नोंदवते. मधला प्रवास तिच्या हाती पूर्णपणे लागत नाही. म्हणून संयोजक मींड गायकाकडे किंवा एकल सारंगीकडे सोपवतो आणि व्हायोलिनांच्या समूहाला स्थिर, दीर्घ स्वर देतो. मूळ भाषेतील अननुवाद्य शब्द तसाच ठेवून भोवतालचे वाक्य नव्याने रचणाऱ्या भाषांतरकाराचीच ही रीत आहे.

माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांना एवढ्यावर समाधान नव्हते. त्यांनी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांना जोडणाऱ्या स्वतंत्र रचना केल्या आणि १९५८ मध्ये त्यासाठी वाद्यवृंदही उभारला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात एकल गायक होते. येथे भाषांतरकार मूळ संहिता लिहू पाहत होता.

३

दिल्लीची वाट निराळी होती. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ मध्ये स्थापन झाला. रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर हे त्याचे आरंभीचे संचालक, तर १९५६ पासून पन्नालाल घोष. मौखिक परंपरेत घडलेल्या वादकांसमोर येथे अडचण स्वरलेखनापेक्षा वाद्यांच्या घडणीची होती. सतार, सरोद आणि सारंगी यांच्या तरफा रागानुसार मिळवलेल्या असतात. रचनेच्या मध्येच षड्ज हलवला तर त्या निरुपयोगी ठरतात. साहजिकच वैविध्य स्वरसंवादाऐवजी नादरंग, सवालजबाब आणि लयकारी यांतून साधावे लागते. मींड शाबूत राहते, परंतु एकाच वेळी अनेक स्वररेषा चालवण्याची शक्यता आक्रसते.

कंठांबाबतही तेच. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि पलुसकरांची परंपरा वृंदगानाकडे नेली. पुरुष साधारणतः काळी एक-दोनमध्ये गातात, स्त्रिया काळी चार-पाचमध्ये. एकच चाल सर्वांना द्यायची तर कोणाच्या तरी गळ्याला मुरड घालावी लागते. अन्यथा ओळींची वाटणी करावी लागते. ही वाटणी म्हणजेच अर्थनिर्णय, कारण कोणती ओळ सामूहिक आणि कोणती एकट्याची हे तिथे ठरते.

४

दोन्हींपैकी एक परंपरा 'अस्सल' व दुसरी 'उसनी' असा निवाडा सोयीचा असला तरी टिकत नाही. दोन्ही ठिकाणी काहीतरी सोडूनच काही मिळवलेले आहे. तरीही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संयोजक बहुधा 'सहायक' म्हणूनच येई, किंवा येतच नसे. प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये आपल्या गुरूला मानवंदना दिली, आणि गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले ते एका पात्राचे म्हणून. २०१२ मध्ये ते निवर्तले तेव्हाही त्यांच्या रचना क्वचितच कोणी ऐकल्या होत्या. भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर असावे की नाही, हा वाद तौलनिक साहित्याला परिचित आहे. गीताचे वाचन करताना शब्द आणि चाल यांच्या जोडीने कोणती ओळ कोणत्या वाद्याला वा कंठाला दिली आहे याची नोंद घेतली, तर तो वाद संगीताच्या अभ्यासातही रुजेल. एकाच चालीची मैफलीतील आणि ध्वनिमुद्रित रूपे शेजारी ठेवून हे काम सुरू करता येते.