ड्रमचा कडेलोट

साडीची किंमत काठावरून ठरते, भाकरीची परीक्षा कडेवरून होते आणि ड्रमसारख्या दांडगट वाद्याचा आवाजसुद्धा, म्हणे, कडेवरूनच ओळखावा. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतात. तिसरीबद्दल मात्र समीक्षकांनी कमालीचं मौन पाळलं आहे. गाण्यावर लिहिणारे गायकाच्या खोकल्यावरही परिच्छेद लिहितात, पण ड्रमवाल्याच्या वाट्याला "साथ उत्तम होती" एवढी चार अक्षरंही येत नाहीत. म्हणून हे परीक्षण.

ड्रम म्हणजे मूळचा लाकडी पिंप. लाकडाचे पातळ थर चिकटवून, गोल वळवून केलेला. त्याच्या तोंडावर जे ताणून बसवतात त्याला हेड म्हणतात. पूर्वी ते वासराच्या कातड्याचं असे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत प्लॅस्टिकची हेड बाजारात आली आणि पावसाळी हवेत ड्रमने मान टाकायचं बंद झालं. हे हेड पिंपाला टेकतं ते फक्त त्याच्या ओठावर. हा ओठ म्हणजे 'बेअरिंग एज'. आपण त्याला कड म्हणू.

कड ४५ अंशांत टोकदार कापली तर हेड जेमतेम रेघेवर टेकतं. आवाज लख्ख येतो आणि घुमत राहतो. ३० अंशांत कापली (ग्रेच कंपनीचे ड्रम यासाठीच प्रसिद्ध) किंवा जुन्या ड्रमसारखी गोलसर ठेवली, तर हेडला जास्त लाकूड लागतं. मग आवाज उबदार होतो आणि सभ्य पाहुण्यासारखा वेळेत उठून जातो.

तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तार घोडीला किती टेकते यावर तिथेही सारा खेळ. फरक एवढाच, की जवारी काढणारा एकदा कानस फिरवतो आणि दहादा ऐकतो. ड्रमची कड राउटरने कापतात. राउटर म्हणजे घरात इंटरनेट पुरवतो तो नव्हे, सुतारकामातला. मिनिटाला हजारो फेरे घेणारं ते पातं एकदा सुरू झालं की ऐकण्याचा प्रश्नच मिटतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो आणि गॅरेजमध्ये मोटारीऐवजी ड्रम ठेवतो. तीन ड्रमचा जुना संच, साठच्या दशकातला, कडा गोलसर. त्याने प्रथम जे केलं त्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो. जाड सपाट काचेवर ड्रम उपडा ठेवला, आत दिवा लावला आणि खोलीत अंधार केला. जिथून उजेड झिरपतो तिथे कड खाली गेलेली. अशा कडेवर स्क्रू कितीही पिळा, एकीकडे सूर चढतो आणि दुसरीकडे सुरकुती पडते. सपाट फरशीवर पॉलिशपेपर पसरून ती हलक्या हाताने सारखी करणं, हे दुरुस्तीचं काम. वर थोडं मेण चोळलं की झालं.

पण तो तिथे थांबला नाही. धाकट्या ड्रमला थेट ४५ अंशांची कड दिली आणि मला 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन ध्वनिमुद्रणं ऐकवली.

"मामा, आता ऐका! केवढा फरक!"

फरक होता. मी विचारलं, "आधीचंच हेड होतं का रे?"

"छे! ते फाटायला आलं होतं. नवं घातलं."

"आणि सूर?"

"तो तर नव्यानेच लावावा लागला."

"ड्रम ठेवला होता त्याच जागी?"

"नाही, इकडे खिडकीशी आणला."

केशतेलाच्या जाहिरातीत 'आधी'चा गृहस्थ अंधारात, बिनदाढीचा आणि दुर्मुखलेला असतो. 'नंतर'चा कोट घालून हसत असतो. आणि श्रेय सगळं बाटलीला! हेड बदललं, सूर बदलला, जागा बदलली आणि टाळ्या घेतल्या राउटरने.

माझ्या मते मान असा लागतो: आधी वाजवणाऱ्याचा हात, मग हेड आणि सूर, मग खोली, आणि मग कड. लेड झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) ऐका. जॉन बॉनमचे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिन्याच्या तळाशी ठेवले होते आणि मायक्रोफोन वर जिन्यावरून लोंबत होते. त्या घुमाऱ्यात निम्मा वाटा जिन्याचा. उलट बीटल्सचा रिंगो स्टार १९६९ च्या सुमारास ड्रमवर चक्क भांडी पुसायची फडकी टाकून वाजवत होता. कारखान्याने कड घासूनपुसून दिली आणि रिंगोने वर फडकं टाकलं. तरीही आवाज रिंगोचाच!

स्नेअर ड्रमच्या बाबतीत तर गॅरेजवाल्यांना हात जोडावेसे वाटतात. त्याच्या खालच्या कडेला समोरासमोर दोन उथळ खोलगट जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात. खालच्या तारा हेडला नीट चिकटून बसाव्यात म्हणून. नवशिका काचेवर उजेड पाहतो, "सापडली फट!" म्हणतो आणि घासून सपाट करतो. पुढे तारा बसत नाहीत आणि बारीकसं वाजवलं तरी नुसतं खरखरतं. किटलीची चोच बाहेर आलेली दिसते म्हणून ठोकून आत घालण्यातला हा प्रकार.

कापलेलं लाकूड परत येत नाही, ही माझी खरी अडचण. ४५ अंशांचा लख्ख आवाज हवा असेल तर तसे नवे ड्रम दुकानात रांगेने उभे आहेत. गोल कडेचे, त्या काळचे, आता कोणी नव्याने जन्माला घालू शकत नाही. भाच्याचा धाकटा ड्रम आज सुरेख वाजतो, पण डोळे मिटून ऐकलं तर तो कुठल्याही दुकानातला वाटतो. थोरल्याला आम्ही नुसतं नवं हेड घातलं आणि सूर लावायला तासभर बसलो. त्यातून निघाला तो धम्म आवाज भाच्याने पाच-सहा वेळा काढून पाहिला आणि मग खाली बसून राउटरची वायर गुंडाळायला घेतली.