‘स्मृतिचित्रे’ : भोळेपणा की सामर्थ्य?

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी लिहिताना ‘साधे’, ‘भोळे’, ‘निर्व्याज’ ही विशेषणे टीकाकाराच्या लेखणीतून सहज उतरतात. हेतू गौरवाचा असतो. परंतु त्या गौरवात एक अन्याय दडलेला आहे. लेखिकेने जे कमावले, ते तिला जन्मतःच लाभले होते, असे आपण नकळत ठरवून मोकळे होतो.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाशी तुलना केली असता हा मुद्दा स्पष्ट होईल. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्नीस स्वतः शिकविले, आणि आपले हे घडणे रमाबाईंनी कृतज्ञतेने नोंदविले. पुढे सेवासदनाच्या कार्यात त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व प्रकट झाले. तथापि ग्रंथाचे केंद्र पतीच राहिले. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द या दृष्टीने पुरेसा बोलका आहे.

लक्ष्मीबाईंना असा स्थिरवृत्तीचा शिल्पकार लाभला नाही. शाळेचे शिक्षण नाही, विवाह बालपणीच झालेला, पती प्रतिभावंत पण लहरी, आणि घरात आलेला पैसा टिकण्याची शाश्वती नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली. पण जातिभेद मनुष्यकृत आहे, हा निर्णय त्यांनी त्यापूर्वीच स्वतःच्या विचाराने केला होता. पतीचे अनुकरण एवढाच त्याचा अर्थ लावणे ग्रंथाला धरून होणार नाही.

त्यांच्यापाशी भांडवल होते ते तीन गोष्टींचे : तल्लख स्मरण, घरगुती बोलीवरील प्रभुत्व आणि स्वतःला हसण्याची शक्ती. वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण पाहावे. वाचक हसतो, पण त्या सोवळ्यापायी घरातील माणसांना होणारा जाच त्याच्या नजरेआड होत नाही. हास्य आणि वेदना यांचा हा तोल भोळ्या मनाला साधत नसतो. काय सांगावे, कोठे थांबावे, याची जाण त्यामागे आहे.

टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ही सिद्धी लहान नव्हे. परंतु तेथे आखणी दुसऱ्याची होती. ‘स्मृतिचित्रे’मध्ये साचा आणि धातू दोन्ही त्यांचे स्वतःचे आहेत, आणि म्हणूनच मराठी गद्यात या ग्रंथाचे स्थान अढळ झाले. विद्वत्तेची भाषा उसनी घेण्याचा मोह त्यांनी टाळला, यातच त्यांचे यश आहे.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. या प्रसन्नतेवरून ‘स्त्रीने हसतमुखाने सोसावे’ असा बोध काढणे चुकीचे ठरेल. लक्ष्मीबाई दुःख लपवीत नाहीत आणि पतीचे दोषही झाकीत नाहीत. त्यांचा आनंद परिस्थितीने दिलेला नाही. परिस्थितीकडे पाहण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखला, त्यातून तो आलेला आहे. यापुढे अभ्यासकांनी ‘भोळेपणा’ हा शब्द योजण्यापूर्वी ग्रंथातील एखाद्या प्रसंगाची वाक्यरचना तरी बारकाईने तपासावी. ज्याला आपण साधेपणा म्हणतो, त्यातील निवड आणि शिस्त मग आपोआप दिसू लागेल.